ओळख न दाखवण्याचा नियम

आमच्या गल्लीचा एक नियम होता. गिऱ्हाईक बाहेर भेटलं तर ओळख दाखवायची नाही. धारूरच्या बाजारात बायकोसोबत भाजी घेणारा समोर आला की आम्हीच मान फिरवायचो. त्यांची अब्रू आम्ही सांभाळायची आणि आमच्या नावानं थुंकायचं त्यांनी! मला या नियमाची पहिल्यापासून चीड होती.

तेव्हा गावात नवीनच केबल आली होती. टीव्हीवर एड्सची जाहिरात लागली की लोक आवाज बारीक करायचे आणि सकाळी आमच्या गल्लीकडं बोट दाखवायचे. मग आम्ही धंदेवाल्या बायकांनीच मंडळ केलं. निरोध वाटायचे, नको म्हणणाऱ्याला दारातूनच हाकलायचं, आजारी पडलेलीला दवाखान्यात न्यायचं. दवाखान्याचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं तोंड फाटकं.

एकदा शेजारणीला जुलाब लागले. तिला तो आजार आहे हे आधीच तपासणीत कळलं होतं. सरकारी दवाखान्यात तिला संडासाजवळ फरशीवर टाकलं. दुपार झाली तरी सलाईन नाही. तिचे डोळे खोल गेले, जीभ वाळली. अशीच पडून राहिली तर ती मरणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वॉर्डातला ब्रदर लांबूनच म्हणाला, "हातमोजे संपल्यात. मी न्हाई हात लावत."

हा तिचंच नेहमीचं गिऱ्हाईक. माझं डोकं फिरलं. भरल्या वॉर्डात ओरडले, "हिच्या खोलीत यताना हातमोजे घालून येत होतास का रे?"

सगळा वॉर्ड त्याच्याकडं बघायला लागला. त्यानं उघड्या हातानंच सुई टोचून सलाईन लावलं.

शेजारीण वाचली. गल्ली मात्र माझ्यावर तुटून पडली. "आता कोण यईल आमच्याकडं? पोटावर पाय दिलास!" सगळ्यात मोठ्यानं शिव्या देत होती ती समोरच्या खोलीतली. वाचलेली शेजारीणसुद्धा माझ्याशी बोलेना. मलाही त्यांची तोंडं बघावीशी वाटत नव्हती. कृतघ्न साल्या.

पावसाळा सरला आणि ती समोरचीच एका सकाळी माझ्या दारात आली. अंग तापानं फणफणलेलं, उंबऱ्यावरच बसली.

"चल की दवाखान्यात," ती म्हणाली.

"मंडळातल्या दुसऱ्या कुणाला ने. लई हायेत चांगल्या बोलणाऱ्या."

"त्यास्नी घेऊन गेलते काल," ती म्हणाली. "चांगल्या बोलल्या. मला कुणी हात न्हाई लावला."