नवा अल्बम आणि बाळाचं मत

शुक्रवारी दुपारी आमच्या घरात बोलायचं नसतं. म्हणजे जेवताना बोला, हवं तेवढं बोला, पण जेवणं झाली, मी ताटं उचलली, की ह्यांचे आणि ह्यांच्या दोन मित्रांचे, तिघांचे मोबाईल टीव्हीखालच्या स्टीलच्या डब्यात जाणार आणि अल्बम संपेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही, हा आमच्या ह्यांचा नियम. चहासुद्धा नंतरच. मी बाळाला घेऊन इकडे आखातात, फरवानियाला, ह्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, हे कसलं बाई, भजनाला बसल्यासारखे डोळे मिटून बसलेत, आणि वाजतंय काय, तर नुसता धडाधड धडाधड, मध्येच एकदम शांत, मग परत धडाधड, आणि एकेक गाणं एवढं लांब की तेवढ्यात माझी भाकरी, भाजी, कोळंबी सगळं उरकायचं.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. मी आठवीत शाळा सोडली, पण हे दोन शब्द मला इतके पाठ झालेत की झोपेतसुद्धा सांगेन.

इथे राई म्हणून गॅरेजांचा भाग आहे, हे तिथे गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं काम करतात. तिथल्या प्रत्येक कारागिराचं एक ठरलेलं गाणं असतं, स्पीकर बसवला की ते वाजवून बघायचं, वायर बरोबर आहे का, दार थरथरतंय का. कुणी अरबी लावतं, कुणी पंजाबी. ह्यांचं इंग्लंडच्या एका बँडचं गाणं. लहानपणी कॉलेजच्या होस्टेलपुढच्या दुकानात कामाला होते, तिथे पोरांकडून ऐकून ऐकून लागलेलं वेड ते. ह्या गाण्यामुळेच दोन्ही मित्र मिळाले. एकजण पुण्याचा, कंप्युटरवर काम करणारा, चष्म्यावाला, गाडी घेऊन आला होता, ह्यांनी गाणं लावलं आणि तो गाडीतून उतरून ह्यांना मिठीच मारायला लागला म्हणे. दुसरे रत्नागिरीचे भाई, अम्गऱ्याला भंगारच्या यार्डात असतात. आमच्या हॉलमधला काळा खोका आहे ना, माझ्या कमरेएवढा, त्यातला वूफर, म्हणजे ढोलाची धमधम काढणारा मोठा स्पीकर, भाईंनीच एका ठोकलेल्या गाडीतून काढून आणला. खोका ह्यांनी घरी बनवला. वर छोटे स्पीकर दोन, भिंतीला.

बाळ त्या खोक्याचं वेडं. रांगत रांगत जायचं आणि दोन्ही हात खोक्याला लावून बसायचं, आणि ढोल सुरू झाले की असं हसायचं, असं हसायचं की लाळ गळायची. हे व्हिडिओ काढून माझ्या सासूबाईंना पाठवायचे. "आई बघ, बापावर गेलाय." भाई म्हणायचे, "भाभी, हा पोरगा आमचा चौथा मेंबर." मला किती बरं वाटायचं तेव्हा.

मला सगळ्याचीच भीती वाटते. लिफ्टची वाटते, ती अडकते म्हणून. खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, अरबीत काही विचारलं तर काय सांगू, ह्याची वाटते. म्हणून मी म्हणायला लागले ना, की अहो, हा चालायला लागला पण अजून आई म्हणत नाही, तर कुणी ते मनावर घेतलं नाही. हे म्हणाले, तू तर सावलीला पण घाबरतेस. फोनवर आईनं सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, तुझा मामा चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आणि हाक मारून वळत नाही म्हणावं, तर हातातून पातेलं फरशीवर पडलं की वळायचा की. लगेच वळायचा. मग मीच म्हणायची, हट्टी आहे, मुद्दाम करतो.

आणि मग तो नवा अल्बम आला.

ह्यांच्या त्या बँडचा, कितीतरी वर्षांनी आला म्हणे. त्यांचा ढोल वाजवणारा म्हातारा बँड सोडून गेला होता आणि त्याच्या जागी त्यांनी कुणाला घेतलंच नव्हतं. त्याच्याशिवाय केला अल्बम. आधी एक गाणं बाहेर आलं तेव्हापासून मोबाईलवर सगळ्या दुनियेत भांडणं. हे रात्री जेवताना मला वाचून दाखवायचे, एक म्हणतो ह्यांनी आता घरी बसावं, एक म्हणतो रडू आलं, तिसरा त्या दोघांच्या आयांवर. मी म्हटलं, अहो गाणंच आहे ना? तर माझ्याकडे असं बघितलं की मी आपली भात वाढायला लागले.

त्या शुक्रवारी बाहेर धूळ उडत होती, खिडक्यांना मी ओले टॉवेल लावलेले. मोबाईल डब्यात गेले. तिघं सतरंजीवर. बाळ दुडदुडत आलं आणि आपल्या जागेवर, खोक्यापाशी, दोन्ही हात लावून उभं राहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन स्वैपाकघराच्या दारात उभी, कधी संपतंय म्हणून.

गाणं सुरू झालं. नुसता पियानो. एकच माणूस, हळूहळू, थांबून थांबून.

बाळानं वाट बघितली. मग खोक्यावर थाप मारली. मग खोक्याच्या मागे वाकून बघितलं. मग परत हात लावला, आणि ह्यांच्याकडे बघितलं, की हे चालू करा ना. आणि मग वैतागून निघालंच, दाराजवळ चपला होत्या तिथे गेलं आणि भाईंच्या बुटात हात घालून बसलं.

भाईंना हसू आवरेना. नियम मोडला पहिल्यांदाच. "बघितलंस? लहान मुलाला पण कळतं! उठून गेला तो! अरे यार, हे काय, दाताच्या डॉक्टरकडे लावतात तसलं."

"भाई, संपू दे ना," चष्म्यावाले म्हणाले.

"काय संपू दे? सुरू कुठे झालंय? ढोल कुठाय?"

"ढोल नाहीये हाच मुद्दा आहे. तुम्हाला ते लोक कायम पंचवीस वर्षांचे पाहिजेत."

"मला ते जिवंत पाहिजेत!"

"तुम्ही भंगारात राहून राहून, भाई, आपटल्याशिवाय तुम्हाला म्युझिकच वाटत नाही."

"आणि तू पुण्याचा, तुला झोप आली की चांगलं वाटतं."

ह्यांचे डोळे मिटलेले तसेच होते. सगळं संपलं तेव्हा डोळे पुसले आणि म्हणाले, "मला आवडलं. माणूस सगळं बोलून झाल्यावर शेवटी जे बोलतो ना, हळू, तसं वाजवलंय."

"दोन झाले," चष्म्यावाले म्हणाले. "भाई, तुम्ही हरलात."

"हरलो कसा? मी आणि माझा दोस्त." भाईंनी बाळाकडे बोट केलं. "दोन दोन. त्याचं मत धरायचं, तो चौथा मेंबर आहे."

हसले सगळे. मी पण हसले. ट्रे ठेवला खाली. आणि ठेवता ठेवता बाळानं कसं बघितलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. न आवडल्यावर बघतात तसं नव्हतं ते. लाईट गेल्यावर पंख्याकडे बघतात तसं बघितलं होतं त्यानं. बंद पडलंय, असं.

घरभर पियानो वाजत होता आणि त्याला वाटलं बंद पडलंय.

ते चहा प्याले, भांडले, गेले, हे त्यांना सोडायला खाली गेले. दार लागल्यावर मी जेवणाचं मोठं ताट घेतलं, लाटणं घेतलं, बाळ माझ्याकडे पाठ करून त्याच्या गाडीशी खेळत होतं, त्याच्या डोक्यामागे ताट उंच धरलं, फरशीला लागू दिलं नाही, फरशी हादरायला नको म्हणून, आणि वाजवलं. गाडी इकडून तिकडे. परत वाजवलं. जोरात. तो चाक फिरवतोय आपलं. मी वाजवतच सुटले, माझे स्वतःचे कान दुखायला लागले, शेजारच्या मल्याळी बाईनं भिंतीवर ठोकलं, मी थांबेना.

हे धावतच आत आले. "अगं वेड लागलंय का? खाली लिफ्टपर्यंत येतोय आवाज. सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतंय!"

"येतंय ना?" मी म्हटलं. "सगळ्या बिल्डिंगला येतंय ना?"

त्यांना कळलं नाही आधी. मग बाळाकडे बघितलं. ते अजून खेळतच होतं, बाप आलाय हे त्याला माहीतच नव्हतं. ह्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग म्हणाले, "मूड नाही त्याचा," आणि हे म्हणताना त्यांचा आवाज कसातरीच झाला.

मग त्यांनी जुना अल्बम लावला, ढोलाचा. खोका थरथरला आणि बाळ पळत आलं, हात लावले, हसलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ! बघ, ऐकतोय!" मी खोक्यावरच्या त्याच्या हातांकडे बोट केलं. मग खोक्याच्या मागे गेले, वाकले, आणि वूफरची वायर काढली. राईला करतात तसं, कुठला स्पीकर वाजतोय आणि कुठला नाही ते बघायला एकेक वायर काढतात. भिंतीवरचे दोन्ही स्पीकर चालू होते. ह्यांनी आवाज पूर्ण वाढवला. कानठळ्या बसत होत्या, तोच ढोल, तेच गाणं. बाळानं खोक्यावर थाप मारली. मागे वाकून बघितलं. तिथे बाप बसला होता हातात वायर धरून, तर त्याला वाटलं लपाछपी चाललीये, आणि खुदकन हसलं.

ह्यांनी वायर खाली ठेवली नाही कितीतरी वेळ.

दवाखान्याचं मला सगळं सांगता येणार नाही. बाळाला झोपवून डोक्याला वायरी लावल्या. परत वायरीच. डॉक्टरीण ह्यांच्याशी इंग्रजीत बोलत होती, मी नर्सबाईच्या तोंडाकडे बघत होते, ती केरळची, ती मला हिंदीत म्हणाली, बेटी, दोनो कान. बस्स एवढंच. मग पाणी दिलं मला. मशीन बसतं आत, ऑपरेशन करून, काहींना त्यानं येतं ऐकू, लवकर करायला हवं, इंडियात दाखवा नाहीतर इथे, सगळं हे मला गाडीत सांगत होते. माझ्या डोक्यात एकच, की पोटात होता तेव्हा मी गाणी म्हणायची त्याला, माहेरी, पडवीत बसून. अंगाई म्हणत होते मी कालपर्यंत.

ह्यांच्या गाडीत दारादारात स्पीकर आहेत. त्या दिवशी काही लावलं नव्हतं. बाळ मागे त्याच्या सीटवर, दाराला हात लावून बसलं होतं, वाट बघत.

पुढच्या शुक्रवारी मला वाटलं हे मित्रांना नको म्हणून सांगतील. नाही सांगितलं. आम्ही कुणालाच बोललो नव्हतो अजून, सासूबाईंना पण नाही. मी कोळंबी केली, मीठ घालायला विसरले, भाई म्हणाले, "भाभी, आज समुद्र सुकला काय?" आणि मी हसले.

मोबाईल डब्यात गेले. चष्म्यावाले म्हणाले, नवाच लावू, दुसऱ्यांदा ऐकल्यावर भाईंना पण कळेल. हे खोक्याशी बसले होते, बाळ मांडीत.

"नको," हे म्हणाले. "नाही आवडला मला तो."

"म्हणजे? गेल्या वेळी रडलास तू!"

"धूळ गेली होती डोळ्यांत." ह्यांनी बाळाचे हात उचलून खोक्याला लावले. "भाई म्हणतात ते बरोबर आहे. दम नाही त्यात. ढोल नाही तर काय ऐकायचं?"

भाई सतरंजीवरून उठलेच. "आत्ता! आत्ता कान उघडले तुझे! ह्या पोरामुळे अक्कल आली बापाला." आणि बाळाचा गालगुच्चा घेतला. "तीन विरुद्ध एक. पुणेकर, गप बसा आता."

चष्म्यावाले खरंच दुखावले. ह्यांच्याकडे बघत राहिले, म्हणाले, "तू पण, यार?" हे हसत होते. मान खाली घालून, बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकून हसत होते. मग जुना अल्बम लागला, खोका थरथरला, आणि बाळ हसलं, आणि मी स्वैपाकघरात जाऊन नळ सोडला.

ह्यांनी तो नवा अल्बम नंतर कधीच लावला नाही. कुणी काही म्हटलं की म्हणतात, बकवास आहे.

परवा दुपारी हे कामावर होते, बाळ झोपलं होतं, मीच लावला. टीव्हीवर शोधता येतं मला आता, चित्र ओळखून. आवाज बारीक केला, कशाला केला काय माहीत, सवय. सतरंजीवर बसले, हे बसतात तिथे, आणि डोळे मिटले. माणूस पियानो वाजवत होता, थांबून थांबून, जसं काही त्याला पुढचं सांगायला भीती वाटतेय. मला काही कळत नाही त्यातलं. पण ते गाणं मला कळलं. मला आवडलं, एवढं आवडलं की मला माझीच लाज वाटली. ह्यांना सांगावंसं वाटलं, की अहो, चष्म्यावाले एकटे नाहीत, मी आहे, तुम्ही पण आहात, मला माहीत आहे. पण ते सांगायचं कसं?

डोळे उघडले तर बाळ उठून आलं होतं. खोक्याला दोन्ही हात लावून उभं, माझ्याकडे बघत. थाप मारली त्यानं. परत बघितलं माझ्याकडे.

मी ते मध्येच बंद केलं आणि ढोलाचं लावलं.