फुलाखालचे दादा

ज्या घरात फोटो होता, त्या घराला चोरापेक्षा आमच्या मामेसासऱ्यांची धास्ती जास्त असे. भोरपासून विंझरपर्यंत कुठेही ते येताना दिसले की शहाणी बाई आधी भिंतीवरचा फोटो उतरवून धान्याच्या कणगीमागे ठेवी आणि मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई. मामा भोरच्या एका कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. स्वभावाने देवमाणूस; पण कोटाच्या वरच्या खिशात एक इवलीशी कात्री असे आणि फोटो दिसला की त्या देवमाणसाचा हात आपोआप तिकडे जाई.

मामांना फोटो आवडत नसत, फोटोतली माणसे आवडत. "बिचारी कशी ताटकळून उबी हायती फोटूवाल्याच्या त्या कुंडीपाशी," ते म्हणत. "त्यांना मोकळं करायला नको?" मग ते माणसांना कडेकडेने कापून मोकळे करीत. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून, त्यावर कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ चढवून, त्या माणसांना नव्या जगात बसवीत. हे जग ते कापडाच्या गाठींवर येणाऱ्या रंगीत चित्रांतून उभे करीत. त्यात वाघ, आगबोटी, कमळे, पऱ्या, जे हाती लागेल ते असे. शेवटी वरून रोगणाचा हात दिला की पट तयार. लग्न, बारसे, नवे घर, काहीही असो, मामांचा आहेर हाच. माझ्या लग्नाच्या पटात मी आणि ही एकाच हत्तीवर बसलो आहोत, मागून आगबोट येते आहे आणि हत्तीशेजारी माझा थोरला भाऊ, आमचे दादा, फेटा बांधून उभे आहेत. उत्रोलीच्या एका घरी कधीच वारलेल्या आजोबांच्या मांडीवर त्यांनी कालपरवा जन्मलेला पणतू दिला होता. म्हातारीने तो पट पाहून आधी मामांना शिव्या दिल्या आणि मग दोन दिवस त्याच्यासमोरून उठली नाही.

भोंगवलीच्या एका गृहस्थाने मोठ्या विश्वासाने घरच्या मंडळींचा फोटो मामांकडे दिला. परत मिळाला तेव्हा त्यात खुर्च्या, सतरंजी आणि भोके एवढेच उरले होते.

"मामा, ह्यात मानसंच न्हाईत की वो!"

"मानसं पटावर हायती. ह्यात आता जागा लई झालीय. बसवा कुनालाबी."

पण मामांची खरी करामत निराळीच होती. घरात भांडण झाले आणि पटावरचे एखादे तोंड डोळ्यांसमोर नकोसे झाले, की लोक मामांना बोलावीत. मामा कमळाचे किंवा गुलाबाचे चित्र कापून, खळ लावून, त्या तोंडावर चिकटवून देत. समेट झाला की ओल्या फडक्याने ते फूल सोडवीत. खालचा चेहरा रोगणाखाली जसाच्या तसा असे. पुढेपुढे तर पाहुणा घरात शिरला की रामराम घालण्याआधी पटाकडे बघून घेई, सध्या कोण फुलाखाली आहे ते. मुली बघायला जाणारेसुद्धा पटावर फुले किती आहेत त्यावर घराची पारख करीत.

इथवर लिहिताना मला हसू येत होते. पुढचे लिहायला हात जड झाला आहे.

दादा विंझरला शेती बघत, मी भोरला कचेरीत कारकून. वडिलांच्या श्राद्धाला निघालो आणि नसरापूरच्या अलीकडे मोटार बंद पडली. पायी पोहोचलो तेव्हा पंगत उठत आली होती. मी अंगणातूनच म्हटले, "माझी वाट बघायला काय झालं होतं?"

दादा द्रोण उचलता उचलता म्हणाले, "कावळा शिवला, पानं वाडली. कावळ्याला तुजी मोटार कुटं ठावं?"

सगळी पंगत हसली. दादाही हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हते, हे मला आज समजते. त्या दिवशी मात्र अंगातल्या कोटाची इस्त्री मोडल्यासारखे वाटले आणि मी बापाच्या श्राद्धाला उपाशी परतलो. घरी येताच मामांना बोलावून पटातल्या दादांच्या तोंडावर फूल लावायला सांगितले.

"ल्हानसंच लावतो," मामा म्हणाले. "डोळं झाकलं की झालं."

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी मामा ओले फडके खांद्यावर टाकून दारात हजर. "काडू का, जावईबापू?" मी मान हलवी. मामा चहा पिऊन, फडके पिळून, निघून जात. असे बरेच बाजार गेले. त्या फडक्याचाच मला राग येऊ लागला. शेवटी एक दिवस मी सुताराकडून सरस आणला, दादांचे सगळे तोंड झाकेल एवढे मोठे कमळ चिकटवले आणि वरून रोगणाचे दोन हात मारले.

पुढच्या बाजारी मामांनी त्यावर नुसते बोट फिरवले. "सरस लावला व्हय?"

"लावला."

"रागाला खळ लावायची असती, जावईबापू." आणि फडके घडी करून खिशात घालून ते चहा न घेता गेले.

त्याच पावसाळ्यात विंझरहून निरोप आला की दादांना ताप आहे. मी म्हटले, त्यांनी बोलावले तर जाऊ. त्यांनी बोलावलेही असेल. तापात माणूस कोणाकोणाची नावे घेतो. मी पोहोचलो तो खांदा द्यायला.

दोन-तीन वर्षांनी वहिनी धाकट्या मुलीला घेऊन भोरला आल्या. दादा गेले तेव्हा ही मुलगी रांगत होती. "भावजी," वहिनी म्हणाल्या, "हिला तुमच्या लग्नाचा पट दावा. बाप कसा व्हता म्हून रोज इचारती." दादांनी जन्मात एकदाच फोटो काढून घेतला होता, माझ्या लग्नात, आणि तो कापून या पटावर बसला होता. मी मामांना बोलावणे धाडले.

मामांनी पट मांडीवर घेतला. कोमट पाणी झाले, तेल झाले, बोळ्याने टर्पेंटाइन लावून झाले. सुरीच्या टोकाने खरवडत त्यांनी फेट्याची कड आणि एक कान मोकळा केला. मग सुरी खाली ठेवली. "हितनं म्होरं गेलो तर मानूसच जाईल."

वहिनी वाकून पटाजवळ आल्या. "कान त्यांचाच हाय," एवढेच म्हणाल्या. कोणी लावले, का लावले, त्यांनी विचारले नाही.

मुलगी म्हणाली, "बापाला तोंड न्हाई?"

"हाय की," मामा म्हणाले. "ह्यो काका बग. ह्याच साच्यातलं."

ती माझ्याकडे बघू लागली. मी उठायला लागलो, तर मामांनी माझे धोतर धरून मला खाली बसवले. "तोंड फिरवू नगा, जावईबापू. तिला तेवडंच ऱ्हायलंय."

पट आता विंझरलाच आहे. मी गेलो की ती मुलगी आधी त्याची धूळ पुसते, मग माझ्यासमोर येऊन बसते. मी दाराकडे तोंड करून, उजेडात बसतो. दादांना मिशा होत्या, मला नव्हत्या. गेल्या वर्षी मी त्या वाढवल्या. "ह्या वयात हे काय नवीन?" असे ही विचारते, तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो.

मामांना मात्र काही विचारावे लागले नाही. त्यांचे हात आता कापतात, डोळ्यांनाही फारसे दिसत नाही. तरी परवा त्यांनी मला जवळ ओढले, खिशातली ती कात्री काढली आणि माझी उजवी मिशी जराशी छाटली.

"दादांची डावी अंमळ खाली व्हती," मामा म्हणाले. "म्या कापलंय की ते तोंड."