ओलं लाकूड

गोव्यातल्या भाषेच्या आंदोलनात आम्ही मराठीवाल्यांनी पेडण्याला जाणारा रस्ता अडवायला कडेचा आंबा तोडून आडवा पाडला. कुऱ्हाड माझ्याही हातात होती. त्याच दुपारी शेजारच्या काकींच्या छातीत कळ आली. त्यांचा मुलगा कोंकणीवाला, सहा महिने आमचं बोलणं बंद होतं. दवाखान्यात नेताना त्यांची गाडी त्या आंब्यापाशी अडकली आणि काकी तिथेच गेल्या.

आमच्या गावात मयताला प्रत्येक घरातून एक लाकूड द्यायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याच आंब्याची फांदी खांद्यावर घेऊन स्मशानात गेलो. काकींचा मुलगा ती भिरकावून देईल असं वाटलं, आणि दिली असती तर बरं झालं असतं. त्याने ती चाचपून पाहिली.

"ओलं आसा," तो म्हणाला. "जळपाक वेळ लागतलो. बस."

मी बसलो.