रिबेकाचा हात कुणाचा

रिबेका गावितच्या रागाला नवापूरचा बाजार टरकून असतो. एका पुढाऱ्याच्या बायकोनं तिच्या शिलाईला नावं ठेवली, तर हिनं पुढचं ब्लाउज असं बेतलं म्हणतात, की भर लग्नात बाईचा हात खांद्याच्या वर जाईना. बाई कमरेजवळून अक्षता फेकतेय आणि त्या पडताहेत नवरदेवाच्या बुटांवर. खरंखोटं ती बाई जाणे.

रिबेकाचा डावा हात मनगटापासून गेला तो पोल्ट्रीवर, कोंबड्यांचं खाद्य दळायच्या यंत्रात. बारा वर्षं तिथं राबली होती. मग ती उजव्या हातानं आणि हनुवटीनं कापड धरून शिवण शिकली. हो, हनुवटीनं! दीड वर्षापूर्वी सुरतेकडच्या एका संस्थेच्या शिबिरात तिला बॅटरीचा हात मिळाला. बोटं मिटायची, उघडायची, सुई चिमटीत धरायची. त्या नाताळला चर्चमधल्या सतरा पोरींचे फ्रॉक तिनं एकटीनं शिवले.

पण गोम अशी, की त्या हाताला दर तीन महिन्यांनी संस्थेकडून मोबाइलवर परवानगी यावी लागे. नाही आली, तर बोटं जिथल्या तिथं थिजत. आणि परवानगी मागितली की संस्थेचे हेमकांतसाहेब साखर पेरत, "ताई, आपला कार्यक्रम आहे. तेवढं स्टेजवर येऊन हात हलवून दाखवा ना." पाच वेळा तिनं दाखवला. एकदा कुठल्याशा मंत्र्याला फूल दिलं, एकदा एका नटीला पाण्याचा पेला. सहावा कार्यक्रम नेमका गुरुवारी, भाची योगिताच्या लग्नाच्या दिवशी. रिबेका म्हणाली, जमणार नाही. सोमवारी सकाळी ती योगिताचा पांढरा गाऊन शिवत बसली होती; बोटं कापडावर मिटली ती मिटलीच.

तसाच मुठीत गाऊन घेऊन ती बाजारातून निघाली. मागून कापड फरफटू नये म्हणून उरलेला घोळ खांद्यावर टाकलेला. लोक हसायला तोंड उघडत होते आणि तिचा चेहरा बघून मिटत होते.

केवलचंद शेठच्या कापडदुकानात एका कोपऱ्यात त्यांच्या मुलाचं, नमनचं, मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे. दुरुस्ती थोडी, गेम फार. शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला अहिराणीत सांगतात, "गिऱ्हाईक उभं शे, नि हाऊ पडदावर मानसं मारी ऱ्हायना." त्या सकाळीही नमनच्या पडद्यावर लोखंडी हातापायांची माणसं उड्या मारत होती.

रिबेकानं आपला मोबाइल त्याच्या काउंटरवर आपटला. त्यावर कार्यक्रमाचं बॅनर होतं: सूर्याकडे झेपावणारा एक पंखवाला माणूस, शेजारी रिबेकाचा फोटो. नमनला हसू फुटलं.

"कसाले हसी ऱ्हायना?"

"ताई, तुम्हाला नाही हसत. हा पंखवाला ग्रीक पुराणातला. मेणानं चिकटवलेले पंख. सूर्याजवळ गेला, मेण वितळलं, समुद्रात पडून मेला. आमच्या या गेमांत तो सारखा दिसतो. शरीराला यंत्रं जोडून माणूस फार वर गेला की असा पडेल, हा इशारा. आणि यांनी तोच कौतुकानं छापलाय!"

"मी कधी वर गेले रे? मला चुण्या घालायच्या होत्या, चुण्या! आणि पंखवाल्यांचं काय होतं ते मला सांगू नको. बारा वर्षं पोल्ट्रीत काढलीत."

नमन वरमला. मग हळूच म्हणाला, "तुमच्यासारखा दुसराच आहे, ताई. तालोस. काशाचा, म्हणजे ब्राँझचा माणूस. रोज तीन फेऱ्या मारून बेटाची राखण करायचा. अंगात एकच शीर, तिला घोट्यापाशी एक खिळा. खिळा उपसला की रक्त वाहून माणूस ठप्प. या गेममध्ये त्याच्या नावाची कंपनी आहे. लोकांना हात देते, बटण स्वतःकडे ठेवते."

रिबेकानं विचारलं, "खिळा घोट्यातच होता ना? त्याचा हात तिथं पोचत होता?"

"पोचत असणार."

"मग वाकून बघितलं का नाही त्यानं?"

"पुराणात लिहिलेलं नाही."

"मी सांगते. मेला फेऱ्या मारण्यात गुंतला होता. पाच फेऱ्या मी पण मारल्या." तिनं मूठ काउंटरवर ठेवली. "खोल हे."

"परवानगीचं सर्किट काढून टाकतो. पण मग फक्त उघडझाप राहील, सुईची चिमटी जाईल. आणि जळला तर सगळाच हात गेला."

"खोल."

नमनची आई बदामबाई गादीवरून कळवळल्या, "अगं रिबेका, दानाची वस्तू. साहेब रागावतील."

"बदामबेन, तुम्ही साडी देता, मग बाईच्या घरी जाऊन तिच्या निऱ्या धरून बसता का?"

दुकानातल्या बायका फिसकन हसल्या. बदामबाईसुद्धा.

तासभर नमन घाम पुसत होता. एकदा जळका वास आला तेव्हा रिबेकानं डोळे मिटले, पण थांब म्हणाली नाही. मग खटकन बोटं उघडली आणि गाऊन शेठच्या गादीवर घसरला. तिनं मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चिमटी गेली ती गेलीच.

तेवढ्यात फोन वाजला. हेमकांतसाहेब. "ताई, हात बंद झाला असेल ना? गुरुवारी या, लगेच चालू करू."

"चालूच आहे."

"कसा काय?"

"तुम्हाला न विचारता. बॅनरवरचा माझा फोटो काढा."

साहेबांचा आवाज बदलला. "हात संस्थेचा आहे. परत घ्यावा लागेल."

"मन्हा हात शे!" रिबेका एवढ्यानं ओरडली की समोरचा भजीवाला झारा हातात घेऊन बाहेर आला. "घ्यायला या ना. गुरुवारीच या. दोन्हीकडची माणसं असतील, पाद्री असतील, वाजंत्री असतील. स्टेज पण बांधलंय. मी वर उभी राहते. सगळ्यांच्या देखत माझ्या मनगटातून उपसून न्या. टाळ्या वाजवायला मी सांगते लोकांना!"

फोन समोरूनच कटला.

रिबेकानं गाऊन झटकला, शेठच्याच गादीवर बसली आणि धातूच्या मुठीत कापड धरून, उजव्या हातानं राहिलेल्या चुण्या घालू लागली. तिचा श्वास अजून फुललेला होता. दुपारपर्यंत शेठ उभेच होते; जरा सरक म्हणायची त्यांची छाती झाली नाही.