हात धरला की कुस्ती

१९३६ साली गोदावरीबाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेत रुजू झाल्या. हेडमास्तर हेमचंद्ररावांनी त्यांना तिसरीचा वर्ग दिला आणि सोबत एक सूचनाही.

"त्या सूर्यभानवर लक्ष ठेवा. मागच्याच महिन्यात एकाचा दात पाडलाय. आणखी एक मारामारी झाली की नाव कमी करणार. घरी तसं सांगून ठेवलंय."

सूर्यभानच्या बापाला, किसनरावांना, त्याचं काही वाटलं नव्हतं. मोर्णा नदीपलीकडे त्यांचं कापसाचं वावर होतं, वेचणीला दोन हात वाढले असते. हट्ट आईचा होता. घरात वाचता येणारं एक तरी माणूस असावं म्हणून मैनाबाईंनी नवऱ्याशी भांडून पोराला शाळेत घातलं होतं.

गोदावरीबाई अमरावतीच्या वकिलाची मुलगी. वडिलांना दमा होता. धाप लागली की ते लहानग्या गोदीला पाठीला पाठ लावून बसवत. तिचा श्वास संथ चाले आणि त्याच्या लयीत हळूहळू त्यांचा श्वास उतरे. आसनं त्या पुढे मुलींच्या व्यायामवर्गात शिकल्या. शिक्षिका झाल्यावर त्यांनी वृक्षासन जोडीनं घ्यायला सुरुवात केली. दोघींनी समोरासमोर एकमेकींचा हात धरायचा, एकेका पायावर उभं राहायचं आणि समोरचीच्या श्वासाबरोबर आपला श्वास सोडायचा. अमरावतीत थोड्याच वेळात वर्ग निवायचा.

अकोल्यात पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना पटांगणात समोरासमोर उभं केलं आणि सांगितलं, "हात धरा."

पुढे काय झालं ते धुळीमुळे नीट दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा अर्धा वर्ग जमिनीवर होता आणि उरलेला त्या पडलेल्यांच्या छातीवर. पंजाब नावाच्या मुलाला सूर्यभाननं चीत केलं होतं.

"काहून पाडलं रे त्याला?" वऱ्हाडी उच्चार त्यांना रागातच जमायचा.

"हात देला ना त्यानं, बाई!" सूर्यभान खरोखर गोंधळला होता. "हात धरला म्हणजे कुस्ती लागलीच. तुमाले मालूम नाई?"

त्यांना माहीत नव्हतं. शाळेमागच्या गल्लीत आखाडा होता आणि तिथली पोरं चालायला लागली की मातीत उतरत. समोरच्यानं हात दिला, आपण धरला, की कुस्ती सुरू. त्यानंतर जो स्वस्थ उभा राहील तो पडेल. वकिलाच्या घरातल्या मुलीनं आखाडा बाहेरूनच पाहिलेला.

आवाज ऐकून हेमचंद्रराव आले.

"चूक माझी आहे," गोदावरीबाई म्हणाल्या.

"असेल. पण वर सूर्यभानच आहे. शनिवारी मी स्वतः येऊन बघतो. पुन्हा हेच दिसलं तर त्याचं नाव कमी आणि तुमचा हा तासही बंद."

दुसऱ्या दिवशी मैनाबाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. "बाई, माह्या पोराले एका पायावर काहून उभं करून राहिल्या? शिक्षा हाय का?"

"शिक्षा नाही. राग आला की थांबायचं कसं, ते शिकवते आहे."

"मंग त्याच्या बापाले बी बसवा वर्गात," मैनाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गोदावरीबाईंनी पुढचे काही दिवस हात धरायचं नावच काढलं नाही. मुलांना त्यांनी पाठीला पाठ लावून बसवलं. पाठ लावून कुणी कुस्ती खेळत नाही. सूर्यभानला पंजाबचा श्वास पाठीवर कळायला लागला. "थो घोड्यावानी फुसफुस करते," त्यानं तक्रार केली. "मग तू हळू कर, तो तुझं ऐकेल," बाई म्हणाल्या. पंजाबनं ऐकलं. सूर्यभानला याचं इतकं नवल वाटलं की पुढचे दिवस तो स्वतःहून त्याच्या पाठीशी जाऊन बसू लागला. तिथून दोघं पाठीला पाठ लावूनच उभे राहिले, मग एका पायावर. हात मात्र थेट शुक्रवारी आले.

शनिवारी हेमचंद्रराव ओसरीच्या कडेला उभे राहिले. जोड्यांनी हात धरले, पाय उचलले. पटांगणात फक्त श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात पंजाबचा पाय डगमगला आणि त्यानं सूर्यभानचा हात जोरात ओढला. आखाड्यात ओढलेल्या हाताला एकच उत्तर असतं. सूर्यभानचा खांदा डाव टाकायला खाली गेला. गोदावरीबाई ओरडणार होत्या. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

सूर्यभाननं लांब श्वास सोडला आणि पंजाबला वर खेचलं. पंजाब सावरला नाहीच. दोघेही पडले.

"कोणी पाडलं?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

"कोनीच नाई, सर," पंजाब धूळ थुंकत म्हणाला. "माहा पाय सुटला. थो तं मले धरून राहिला होता."

हेमचंद्रराव गोदावरीबाईंकडे वळले. "सोमवारपासून चौथीलाही घ्या," ते म्हणाले. "त्यांच्यात याच्याहून वाईट आहेत."