नारळात बांधलेला चकवा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. ही पानं कुणाच्या हाती पडली तर चुकांची माफी असावी. बोलताना मला लाज वाटते. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते.

माझी मुलगी बुलढाण्याला शिकते. सुटीत तिनं एक कादंबरी आणली होती. रानात हरवलेली पोरगी, तिच्यावर टपलेला जादूगार आणि तिला वाचवणारा तरुण. मी ती लपून वाचली. सगळी आवडली, एवढंच पटलं नाही की ती पोरगी त्या तरुणावर बघताक्षणी विश्वास ठेवते. रानात अनोळखी माणसावर असा विश्वास कोण ठेवतं? मी ठेवला नव्हता.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. आमचं गाव सोनाळा, सातपुड्याच्या पायथ्याशी. चैत्राचं नवरात्र चालू होतं. बाबा डोंगरात लाकडं तोडायला गेले होते आणि मायनं त्यांची शिदोरी माझ्याजवळ दिली होती. वाट पायाखालची, तरी मी फिरून फिरून एकाच सालईच्या झाडापाशी येऊ लागले. चकवा लागला, हे मी ओळखलं. माणसाला रानात गरगर फिरवतं ते भूत म्हणजे चकवा. त्यावर आमच्याकडे उपाय असा, की अंगावरचं कापड उलटं करून घालायचं. मी झुडपाआड जाऊन चोळी उलटी घातली आणि तशीच पुढे निघाले.

थोड्या वेळानं पाण्याचा झिरा लागला. पण तिथे विझत आलेल्या जाळापाशी एक तरुण बसला होता.

"कोण्या गावची वं?" त्यानं विचारलं.

मी आधी त्याचे पाय पाहिले. बोटं पुढेच होती. सावली पाहावी तर ऊन कधीच डोंगराआड गेलं होतं.

"भेते काऊन? मी वडनेर भोलजीचा. मामाची गाडी मोडली, तो सुताराले आणाले गेला. मी बांबू राखून राह्यलो."

"कुठं हायत बांबू?"

"त्या टेकडामागं. चाल, दाखवतो."

चकवाही असंच म्हणत असणार. मी जागची हलले नाही. भुतं मीठ खात नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणून शिदोरी सोडून भाकरीवर ठेचा ठेवला आणि पुढे केला. त्याचे डोळे भाकरीवरून हलेनात. हात पुढे आला, मग थबकला.

"ठेच्यात मीठ हाय का?"

"हाय."

"मंग नको मले."

भाकरी तिथेच टाकून मी पळत सुटले. काटे लागत होते, लुगडं फाटत होतं. मागून तो ओरडत होता, "तिकडं नको जाऊ! मोह हाय तिकडं!" मला ते खोटं वाटलं. मोहाच्या झाडाला कशाला भ्यायचं? पण खाली फुलांचा सडा पडलेला होता आणि त्यात तोंड खुपसून अस्वल बसलं होतं. ते दोन पायांवर उभं राहिलं.

मग कमरेला बांधलेल्या डब्यावर कोयता बडवल्याचा आवाज आला. तो एका हातात पेटलेली फांदी घेऊन, शिव्या देत माझ्यात आणि अस्वलात येऊन उभा राहिला. अस्वल गुरगुरलं आणि नाल्यात उतरून गेलं.

अंधार पडल्यावर खाली उतरणं शक्य नव्हतं. त्यानं जाळ केला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मी हातात दगड घेऊन बसले. अस्वलाला पळवलं म्हणून काय झालं, चकव्याला त्याची शिकार दुसऱ्यानं नेलेली चालेल का?

उजाडलं तेव्हा त्याची सावली लांब माझ्या पायापर्यंत आली. मी दगड टाकला.

"मीठ काऊन नाई खाल्लं?" मी विचारलं.

तो हसला. "म्हून पळाली का तू? अवं, मायचे डोळे गेले. देवीले बोललो, नवरात्रभर अळणी खाईन म्हून."

गाव दिसू लागल्यावर तो थांबला. "इथून एकटी जाय. मी संगं आलो तर लोक तुलेच नावं ठेवतीन." मी चार पावलं जाऊन वळून पाहिलं. तो तिथेच उभा होता. तेव्हा मला पहिल्यांदा दगड घेऊन बसल्याची लाज वाटली.

चोळीचं मी विसरूनच गेले होते. दारातच शेजारीण उभी.

"आली का वं? चोळीची शिवण बाहेर काऊन? कोणापाशी उतरवली व्हती?"

बाबा रात्रीच मला शोधायला गेले होते, ते अजून परतले नव्हते. मायनं मला आत ओढलं. "चकवा लागला," मी म्हणाले. तिला ते खरंही वाटेना, खोटंही. पण शेजारणीचं तोंड बंद करायला तिनं त्याच दिवशी भगताला बोलावलं. भगतानं माझ्यावरून लिंबू उतरवलं आणि विचारलं, "चकव्यानं काही खाल्लं काय?" मी घाबरून म्हणाले, "मीठ नको म्हणे."

भगताला तेवढंच पुरे झालं. चकवा जवान पोराच्या रूपात आला होता, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, नारळात तो बांधला आणि वान नदीत सोडून दिला. माझ्या लग्नासाठी साठवलेले रुपये मायनं त्याच्या हातावर ठेवले. लोकांची तोंडं मिटली. पण चकव्यानं धरलेली पोरगी म्हणून मला कोणी मागायला येईना.

वैशाखात चकव्यानं धरलेल्या पोरीचं घर विचारत, मामाला घेऊन तो झिऱ्यावरचा तरुण आला. आमच्याच जातीतला निघाला. मायला संशय आला, "अशा पोरीले मागाले कोण येते? काहीतरी खोट असन." पानं वाढली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "माय, वरणात मीठ कमी हाय."

पुरुषांच्या बैठकीत मी आपणहून कधी बोलले नव्हते. दाराआडूनच म्हणाले, "बाबा, तो चकवा नव्हता. हाच व्हता. यानं मले अस्वलापासून वाचवलं."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं, पाठ करून बसल्याचंही.  मग बाबांनी भगताला बोलावणं धाडलं.

"महाराज, तुमी ज्याले नारळात बांधलं, तो इथं वरणभात खाऊन राह्यला."

भगत म्हणाला, "चकवा रूप घेते पाटील."

"मंग नारळात कोण व्हतं? पोरीच्या लग्नाचे पैसे हायत ते. आले की लग्न."

भगत पुष्कळ दिवस टाळाटाळ करत राहिला. आजारी असल्याचं सांगायचा, देवाचं कारण काढायचा. तो पोरगा मात्र दर बाजाराला सोनाळ्यात येऊन भगताच्या ओट्यावर बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी तो नारळातला." लोक हसायचे. भगत थोडे थोडे पैसे सोडायचा. माय मात्र प्रत्येक रुपया दगडावर वाजवून पाहायची, भगताचं काय सांगावं! दिवाळी झाल्यावर भगतानं उरलेले रुपये स्वतः आणून दिले. मायनं तेही वाजवले, सगळे एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि बाबांना म्हणाली, "पुरे आले."