मोटारीला कान लावणारा आणि ते लिहिणारी

बनशंकरीत माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली, पण मोटारीचं दुखणं मला कुणी शिकवू नये. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला अन् मूठ कानाला लावली, की आतलं सगळं कळतं.

पुण्याकडची एक पोरगी आठवडाभर दुकानात येऊन बसली होती. युनिव्हर्सिटीत होती. लोक यंत्रावर विश्वास ठेवतात की माणसावर, याचा अभ्यास करत होती. पेन केसांत खोचायची अन् मग तेच शोधत बसायची.

एक गिऱ्हाईक आवाज करणारी मोटार घेऊन आलं. त्याच्याकडचं तपासणीचं मीटर सांगत होतं, मोटार ठीक आहे. मी कान लावला अन् म्हटलं, "बेअरिंग गेलं." मग पोरीला बजावलं, "लिही, अण्णांचं खरं, मीटरचं खोटं."

"अण्णा, खरं कुणाचं ते मी लिहीत नाही. गिऱ्हाईक कुणाचं ऐकतं, ते लिहिते."

गिऱ्हाइकानं माझं ऐकलं. मी ऐटीत मोटार खोलली. बेअरिंग ठणठणीत! पंख्याच्या झाकणाचा एक स्क्रू ढिला झाला होता, एवढंच. तो आवळला अन् मान खाली घालून बसलो.

गिऱ्हाईक गेल्यावर म्हटलं, "पोरी, हे लिहू नको."

"लिहून झालं की!"

"वाच."

तिनं वाचलं, "अण्णा चुकले. गिऱ्हाईक हसलं. जाताना मला विचारलं, घरची दुसरी मोटार अण्णांकडे कधी आणू?"

"सरी, बरं," मी म्हटलं, "राहू दे मग."